आधी धडधड, मग पुडी: किशोरवयातली चिंता व्यसनाकडे वळू नये म्हणून घरात करायची कामं

सोमवारी सकाळी साडेसहाला पोट दुखायला लागतं. पावणेसातची एसटी चुकते, आई गरम पाण्याची पिशवी देते आणि साडेआठपर्यंत दुखणं थांबलेलं असतं. शनिवार-रविवार ते कधी दुखत नाही. सोनोग्राफी झाली, जंताच्या गोळ्या झाल्या, आजीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्टही काढली. शेवटी घरात निकाल लागतो: "नाटकं करतोय."

बहुतेक वेळा नाटक नसतं. भीतीच्या वेळी शरीर पळायच्या तयारीला लागतं, रक्त हातापायांकडे वळतं, आतडी आवळतात. पोट खरोखर दुखतं. आणि गाडी चुकली की ते खरोखर थांबतं. या दुसऱ्या वाक्याकडे घरातल्या कुणाचं लक्ष जात नाही, पण पुढच्या व्यसनाचं बी तिथंच पडलेलं असतं. मेंदूनं नोंद केलेली असते: टाळलं की सुटका. चार वर्षांनी कॉलेजच्या मागच्या टपरीवर कुणी माव्याची (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) चिमूट पुढे करतो, तोंडी परीक्षेआधीची धडधड पाच मिनिटांत बसते आणि मेंदू तीच नोंद पुन्हा करतो. वाट नवी, पण सुटका जुन्याच ओळखीची.

सातारा-सांगलीकडच्या आईवडिलांनी, वर्गशिक्षकांनी आणि पोरं ज्यांना खरं सांगतात त्या मोठ्या दादा-ताईंनी या दोन नोंदींच्या मधल्या काळात काय करायचं, ते इथं दिलं आहे.

दोन्हींचा सांधा

अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणात (२००५ साली प्रसिद्ध) चिंतेचे विकार सुरू होण्याचं मधलं वय ११ निघालं आणि व्यसनाच्या विकारांचं २०. हे आकडे एकाच मुलाचे नव्हेत, पण क्रम कळतो: आधी चिंता, बऱ्याच वर्षांनी व्यसन. आपल्याकडच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. साठच्या वर्गात चार जण धरा. चिंता हा त्यातला मोठा गट.

म्हणून भित्रं पोर हमखास व्यसनी होतं का? नाही. उलट घाबरट मुलं पार्ट्यांना जात नाहीत, पकडलं जायची त्यांना धास्ती असते, त्यामुळे काहींची सुरुवात इतरांपेक्षा उशिरा होते. मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या अनेक अभ्यासांची मोट बांधली तेव्हा चिंता आणि 'किती वेळा, किती पितो' यांचा संबंध स्पष्ट दिसला नाही. चिंता आणि पुढे जडणारा दारूचा विकार यांचा मात्र दिसला. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासात १८ व्या वर्षी चिंतेचा विकार असलेल्यांमध्ये घातक पद्धतीचं पिणं जास्त होतं आणि २१ व्या वर्षीही ते टिकून होतं. त्यामुळे घरात "किती घेतलीस?" यापेक्षा "कशासाठी घेतलीस?" हा प्रश्न कामाचा.

संबंध उलट दिशेनंही चालतो. निकोटीनचा अंमल रक्तात दर दोन तासांनी साधारण निम्मा होतो. तो उतरायला लागला की चिडचिड, अस्वस्थता, छातीत कालवाकालव. पुढची चिमूट लावली की हे शमतं, आणि पोराला वाटतं तंबाखूनं टेन्शन घालवलं. घालवलेलं असतं ते तंबाखूनंच आणलेलं टेन्शन. दारूचंही तसंच: रात्री डोकं शांत, पहाटे चारला घामाघूम जाग. गांजा थोडा असला तर सैल वाटतं, जास्त झाला की छाती धडधडून 'आता मरतो' अशी घबराट. आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल बोलायला जीभ रेटत नाही: घरातली भांडणं, मारहाण, बापाची दारू. एकाच मुळातून चिंता आणि व्यसन दोन्ही फुटतात, तेव्हा नुसत्या पोराला समुपदेशकाकडे पाठवून काही साधत नाही.

ओळखायचं कसं

आपल्या बोलीत 'चिंता' हा शब्द पोरं वापरत नाहीत. ती म्हणतात पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, कसंतरी होतं, डोकं जड झालंय, मूड नाही. मुलींमध्ये वारंवार लघवीला जाणं, हातापायाला मुंग्या, परीक्षेआधी उलट्या. मुलांमध्ये बरेचदा फक्त राग दिसतो. दार आपटणारा पोरगा घाबरलेला असेल, हे वडिलांच्या पचनी पडत नाही.

मोजायचं असेल तर जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची पट्टी जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत हे किती दिवस झालं, असं विचारायचं: अस्वस्थ, ताणल्यासारखं वाटणं, काळजी थांबवता न येणं, वेगवेगळ्या गोष्टींची फार काळजी, निवांत बसता न येणं, इतकी चुळबुळ की जागेवर टिकता येत नाही, पटकन चिडणं, काहीतरी भयंकर घडणार अशी भीती. अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळपास रोज ३. एकूण २१ पैकी ५ ला सौम्य, १० ला मध्यम, १५ ला तीव्र. दहा किंवा वर गेलं की डॉक्टरांना दाखवा.

यात एक खोच आहे. जो मुलगा भीती वाटते ते सगळंच टाळतो, त्याचे गुण कमी येतात. वर्गात जातच नाही, तर धडधड कशाला होईल? म्हणून गुणांसोबत दुसरा कागद करा: गेल्या महिन्यात काय काय टाळलं. स्नेहसंमेलन, मामाच्या मुलीचं लग्न, प्रॅक्टिकलचा तोंडी भाग, फोन उचलणं, दुकानातून सामान आणणं. दुसरा कागद लांब असेल तर पहिल्यावरच्या कमी गुणांवर भरवसा ठेवू नका.

धडधडीची शारीरिक कारणंही एकदा तपासून घ्या: हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. वयात आलेल्या मुलींत रक्त कमी असणं सर्रास आढळतं आणि त्यानंही छाती धडधडते. आणि तो एनर्जी ड्रिंक किती पितो ते बघा. नियमाप्रमाणे त्यात लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत ७५ पर्यंत. अभ्यासिकेत रात्री दोन बाटल्या, वर चार कप चहा, झोप पाच तास. एवढ्यावर धडधाकट माणसाचीही छाती उडेल. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. आधी पंधरा दिवस दुपारी तीननंतर चहा आणि बाटली बंद करून बघा, मग निदानाच्या मागे लागा.

शिडी: सगळ्यात जास्त वेळ इथं घाला

चिंतेवर सगळ्यात जास्त तपासलेला उपाय म्हणजे विचार-वर्तन उपचार, आणि त्याचा गाभा म्हणजे जे टाळतो त्याला पायरी-पायरीनं सामोरं जाणं. अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर झालेल्या बारा आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. नुसत्या या उपचारानं ५९.७ टक्के मुलं चांगली सुधारली, नुसत्या सर्ट्रालीन या चिंतेवरच्या गोळीनं ५४.९, दोन्ही मिळून ८०.७, आणि खोट्या (औषध नसलेल्या) गोळीनं २३.७. दुसऱ्या एका पाठपुराव्यात, लहानपणी या पद्धतीनं बऱ्या झालेल्या मुलांचा साधारण सात वर्षांनंतर व्यसनांशी आलेला संबंध, बऱ्या न झालेल्यांपेक्षा कमी होता. चिंतेवरचा उपचार म्हणजे व्यसनावरची आगाऊ लस, असं म्हणणं जरा जास्त होईल. पण दिशा तीच आहे.

शिडी प्रत्यक्षात कशी बांधायची ते एका उदाहरणावर बघू. समजा, जावळीतल्या गावातून साताऱ्याला अकरावी सायन्सला आलेला मुलगा. वर्गात तोंड उघडलं की "आलतो", "गेलतो" निघतं आणि मागच्या बाकांवर हशा पिकतो. आता तो हजेरीलाही मान हलवतो. त्याच्यासोबत बसून, भीतीला ० ते १०० गुण त्यालाच द्यायला सांगून, अशी शिडी तयार होईल:

१०: एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत "कराडची गाडी कितीला?" असं विचारणं.
२०: कॅन्टीनमध्ये रांगेत उभं राहून स्वतःची ऑर्डर स्वतः सांगणं.
३०: दुकानात तीन वह्यांचे भाव विचारून काही न घेता बाहेर पडणं.
४५: तास संपल्यावर सरांना एकट्यानं एक शंका विचारणं.
६०: तास चालू असताना हात वर करून, वहीत लिहून आणलेला प्रश्न विचारणं.
७०: उभं राहून अर्धं पान मोठ्यानं वाचणं.
८५: चार मित्रांसमोर दोन मिनिटं बोलणं, तेही मुद्दाम गावच्या बोलीत.
१००: वर्गासमोर पाच मिनिटं, आणि त्यात एक चूक जाणूनबुजून.

शेवटच्या पायरीतली मुद्दामची चूक गमतीसाठी नाही. 'चुकलो तर संपलं' ही भीती असते, ती न चुकता बोलून जात नाही. चुकूनही काही संपलं नाही, हे बघूनच जाते.

एक पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा. आठवड्यातून एकदा केली तर दर वेळी नव्यानं सुरुवात होते आणि पोरगं म्हणतं, "बघा, काही फरक नाही." भीती निम्म्यावर येईपर्यंत, किंवा जे होईल असं वाटत होतं ते झालं नाही हे नीट दिसेपर्यंत तिथंच थांबायचं. मध्येच पळालं तर सुटकेची जुनी नोंद आणखी पक्की होते. त्यापेक्षा त्या दिवशी खालची पायरी घेतलेली बरी.

त्यासाठी एक दोनशे पानी वही. प्रत्येक वेळी करण्याआधी एक ओळ, केल्यावर एक ओळ. एक नोंद साधारण अशी दिसते:

"मंगळवार. पायरी ४५. अंदाज: सर म्हणतील एवढंही येत नाही का. खात्री ९० टक्के. झालं: सर म्हणाले उद्या फळ्यावर घेतो. भीती आधी ७०, नंतर ३०. हात थरथरला, कुणी बघितलं नाही."

'खात्री ९० टक्के' हा आकडा वगळू नका. तीन आठवड्यांनी मागची पानं उलटली की पोराला स्वतःच्याच हस्ताक्षरात दिसतं, आपले ९० टक्क्यांचे अंदाज किती वेळा खरे ठरले. आपण शंभर वेळा "काही होत नाही रे" म्हणण्यापेक्षा ते पान जास्त काम करतं.

शिडी फसते कुठे? सगळ्यात जास्त वेळा लपवलेल्या कुबडीमुळे. पायरी करताना तो मोबाईलमध्ये डोकं घालतो, मित्राला बोलायला लावतो, किंवा गालात सुपारी धरून जातो. मग यश कुबडीच्या नावावर जमा होतं: "सुपारी होती म्हणून जमलं." व्यसनाचा धागा नेमका इथं पकडायचा. तोंडात काही नाही, कानात काही नाही, सोबत कुणी नाही, अशी केलेली पायरीच धरायची. खोल श्वासाचंही तसंच आहे. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, रोज रात्री पाच मिनिटं: छान. पण "श्वास केल्याशिवाय मी वर्गात जाऊच शकत नाही" असं झालं की ती नवी कुबडी.

दुसरी चूक वडिलांची. पहिल्या आठवड्यातच शंभराची पायरी: "चल, गणपतीत स्टेजवर बोल, भीती जाईल!" पोरगं स्टेजवर गोठतं, गावभर हसं होतं, आणि त्या रात्री त्याच्या हातात कुणीतरी बिअरची बाटली देतं.

घरच्यांनी हात कुठे सैल करायचा

घाबरट मुलाच्या घराला हळूहळू त्याच्या भीतीभोवती फिरायची सवय लागते. पाहुण्यांना आईच उत्तर देते, फोन ताईच उचलते, क्लासला बाबाच सोडतात. सगळं मायेपोटीच. पण त्यातून पोराला एकच संदेश जातो: तुला जमणार नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुलांना हातही न लावता फक्त आईवडिलांना हे सैल करायला शिकवलं, आणि परिणाम मुलांवर थेट केलेल्या उपचाराच्या तोडीचा निघाला.

करायचं असं. घरात त्याच्यासाठी केल्या जाणाऱ्या दहा-बारा गोष्टी लिहून काढा, त्यातली एकच निवडा. आधी त्याला सांगा, अचानक सोडू नका: "बाळा, तुला भीती वाटते हे मला कळतं. आणि तुला झेपेल हेही मला माहीत आहे. सोमवारपासून पाहुणे आले की तुझ्या वतीनं मी उत्तर देणार नाही." दोन्ही वाक्यं लागतात. नुसतं पहिलं म्हटलं तर लाड होतो, नुसतं दुसरं म्हटलं तर दटावणी. पहिले दोन आठवडे रडारड वाढेल. तेव्हा आजी मध्ये पडते, म्हणून आजीला आधीच विश्वासात घ्या. आपल्याकडे हा कार्यक्रम बहुतेक वेळा आजीपाशीच अडतो.

टपरीचा विषय कसा काढायचा

कुपवाड आणि विट्याच्या एमडीच्या (मेफेड्रोन या नशेच्या पावडरीच्या) बातम्या पेपरात आल्यापासून पालक पावडर शोधत बॅगा उचकतात. बघायला हरकत नाही, पण शाळकरी पोराचं दार बहुतेक वेळा साधंच असतं: मावा, तंबाखू-चुना, गुटखा, विडी-सिगारेट, घरातली मशेरी, यात्रेतली किंवा वरातीतली बिअर. १३ ते १५ वयाच्या मुलांच्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी दहावा वाढदिवस यायच्या आधीच सुरुवात केली होती. त्यांना तो कुठल्या टोळीनं दिला नव्हता. "जा रे, दुकानातून मशेरीची पुडी आण" असं म्हणूनच पुडी त्यांच्या हातात जाते. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विकणंही. आणि बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. टपरीवाल्याला हे सांगाच. पण आधी पोराला पुडी आणायला पाठवणं बंद करा.

व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन, थिनर यांच्यावर वेगळी नजर हवी. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के आणि मुलांत १.१७ टक्के होतं. मुलांत मोठ्यांपेक्षा जास्त आढळलेली ही एकमेव नशा. बाहीला येणारा रसायनाचा वास, नाका-ओठांभोवतीचे चट्टे, रिकाम्या बाटल्या. इथं 'हळूहळू बघू' चालत नाही. हुंगताना पहिल्याच वेळी हृदय बंद पडू शकतं.

बोलायला समोरासमोर बसवू नका. मोटारसायकलवर मागे बसलेला असताना, गोठ्यात, भांडी घासताना, नजरेला नजर नसते तेव्हा पोरं जास्त बोलतात. वडिलांशी अबोला असेल तर मामा, मोठा चुलतभाऊ, क्रीडाशिक्षक चालेल. "घेतोस का?" याला "नाही" हेच उत्तर येणार. त्याऐवजी: "तुमच्यात पेपरच्या आधी कोण काय काय करतं?" मग: "तू कधी करून बघितलंस तेव्हा कसं वाटलं?" मग: "नाही मिळालं त्या दिवशी काय होतं?"

डॉक्टर १२ ते २१ वयासाठी क्राफ्ट नावाची सहा प्रश्नांची चाचणी वापरतात: नशेत गाडी चालवणं किंवा नशेतल्याच्या गाडीवर बसणं, सैल वाटावं किंवा चारचौघांत मिसळता यावं म्हणून घेणं, एकट्यानं घेणं, घेतल्यावरचं विसरणं, घरच्यांनी-मित्रांनी कमी कर म्हणणं, त्यापायी अडचणीत येणं. दोन 'हो' आले की पुढची तपासणी. चिंता असलेल्या मुलात दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे जास्त लक्ष द्या. चौघांत वरातीत एक ग्लास घेणारा आणि प्रॅक्टिकलच्या आधी बाथरूममध्ये एकटाच पुडी फोडणारा यांत दुसऱ्याची काळजी आधी करा, जरी पहिल्यानं जास्त घेतली असली तरी.

हाती लागलंच असेल तर

त्या रात्री काही करू नका. मारहाण, देवापुढे शपथ, सगळ्या भावकीसमोर पंचायत, यातून एकच होतं: पुढच्या वेळी पुडी जास्त नीट लपवली जाते. शपथेत आणखी एक तोटा आहे. चिंताळू पोर शपथ मोडलं की अपराधीपणानं आणखी घाबरतं, आणि घाबरल्यावर काय करायचं हे त्याला आता माहीत असतं. माळ घालून सुटलेली मोठी माणसं आपण बघतो, पण ती स्वतःच्या मनानं घातलेली असते आणि सोबत वारकऱ्यांचा मेळा असतो. पोराच्या गळ्यात बळजबरीनं घातलेल्या माळेचं तसं नाही.

तंबाखू असेल तर पुढचा रविवार ठरवा. परीक्षेचा आठवडा टाळा. आधीचे सात दिवस फक्त नोंद: किती वाजता, कुठे, लगेच आधी काय घडलं. सात दिवसांत चित्र उघडं पडतं: सकाळी शौचाला, इंग्रजीच्या तासाआधी, रात्री अकराला अभ्यासिकेबाहेर. प्रत्येक वेळेला वेगळी सोय करा. शौचाच्या वेळेला उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी. इंग्रजीच्या तासाला शिडीवरची पायरी, कारण तिथं तंबाखू नाही, भीती बोलते. रात्रीच्याला ठरलेल्या वेळी घरी. तलफ तीन ते पाच मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो. तोंडात लवंग, बडीशेप, आवळा चालेल. सुपारी नाही, साधीसुद्धा नाही. ती एकटी तंबाखूशिवायही कर्करोग करते, आणि मावा सोडून सुपारीवर आलेला पोरगा महिन्यात माव्यावर परत जातो.

दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, झोप उडणं, धडधड वाढणं. 'सोडल्यानं चिंता वाढली' असं वाटून बरेच जण इथं हार मानतात. हा त्रास तीन-चार आठवड्यांत उतरतो. सोडून काही आठवडे-महिने झालेल्यांची चिंता तंबाखू चालू ठेवणाऱ्यांपेक्षा कमी झालेली आढळते, हे त्याला आधीच सांगून ठेवा. निकोटीनचं च्युइंगम अठराखालच्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

दोन गोष्टी घरात एकदम बंद करायच्या नाहीत: रोजची दारू आणि झोपेच्या किंवा अल्प्राझोलामसारख्या गोळ्या. अचानक तोडल्यावर झटके येऊ शकतात. या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत असा नियम आहे, तरी बऱ्याच घरांत आजोबांची पट्टी फ्रिजवर उघडी पडलेली असते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री "अर्धी घे, झोप लागेल" म्हणून तीच दिली जाते. काही आठवड्यांत अर्धीची एक होते. पट्टी कुलपात ठेवा.

कुठे जायचं

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. आई-वडिलांनी स्वतःच्या प्रश्नासाठी फोन केला तरी चालतो. व्यसनासाठी १४४४६, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ओपीडीत "मानसोपचार" असं सांगून केसपेपर काढायचा. किशोरवयीन मुलांसाठीच्या मैत्री क्लिनिकची चौकशी जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात करा. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या परिवर्तन संस्थेचं व्यसनमुक्तीचं काम जुनं आहे, पुण्याला १९८६ पासून मुक्तांगण आहे. मोठ्यांच्या केंद्रात शाळकरी मुलाला भरती करण्याआधी मात्र दहा वेळा विचारा, मुलांची वेगळी सोय आहे का.

जाताना चार गोष्टी न्या: जीएडी-७ चे गुण, टाळलेल्या गोष्टींचा कागद, तलफेची सात दिवसांची नोंद, चालू गोळ्यांच्या पट्ट्या. डॉक्टरांना "चिंता आधी होती की व्यसन आधी?" हे नेमकं विचारा, आणि दोन्हींवर एकाच वेळी उपचार मागा. "आधी व्यसन सोडवा, मग चिंता बघू" म्हणून परत पाठवलं तर दुसरं मत घ्या. सर्ट्रालीन किंवा फ्लुओक्सेटिन लिहून दिलं तर गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, सवय लागत नाही, पण मनानं बंद करायचं नाही. पहिल्या काही आठवड्यांत या वयात आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, याकडे रोज लक्ष ठेवा. आपल्या द्राक्ष-उसाच्या घरांत याचा अर्थ सरळ आहे: फवारणीची औषधं गोठ्याच्या कोनाड्यातून काढून कुलपात, किल्ली घरातल्या एकाच माणसाकडे. जिवाचं काही बोलला तर एकटं सोडू नका, १०८ बोलवा.

"पेपरवर आलं तर पोलीस भरतीत अडेल" ही भीती भरतीच्या ॲकॅडमीतल्या पोरांच्या घरी हमखास निघते. ओपीडीचा केसपेपर कॉलेजला किंवा गावात पाठवला जात नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नं ही माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. भरतीत खरी अडचण येते ती सोळाशे मीटरला दम लागल्यावर.

बारावीनंतर पोरगं पुण्याला होस्टेलला जाईल, तेव्हा बॅग भरताना ती दोनशे पानी वही आत ठेवा. शेवटच्या पानावर नव्या शिडीच्या पहिल्या तीन पायऱ्या त्याच्याच हातानं लिहून घ्या: मेसमध्ये अनोळखी टेबलावर बसणं, रूमपार्टनरला "मी घेत नाही" म्हणणं, पहिल्या आठवड्यात एका सरांना एक शंका विचारणं. पहिले सहा आठवडे दर रविवारी फोनवर मार्कांआधी हे विचारा: या आठवड्यात काय टाळलंस?